कोंडा, पीठ, खळ

ठाणं ओलांडून मुंबई-नाशिक महामार्गाला लागलं आणि खारेगावचा खाडीपूल मागे पडला, की थोड्याच वेळात माणकोलीचा नाका येतो. तिथून गोदामं सुरू होतात. माणकोली, दापोडे, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी, अंजूर, पलीकडे वडपे, कुकसे. भिवंडी तालुक्यातल्या या गावांची नावं शहरातला माणूस आता पार्सल कुठवर आलं ते बघताना मोबाइलवर वाचतो. निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या या छपरांखाली औषधं, टायर, बिस्किटं, फ्रीज असं काहीही असतं. गेल्या काही वर्षांत त्यात सौंदर्यप्रसाधनांची मोठी भर पडली आहे. मुंबई-पुण्यातल्या कुणी रात्री अकरा वाजता मोबाइलवर बोट टेकवून जपानी किंवा कोरियन फेस मास्कचं पाकीट मागवलं, तर ते भिवंडीतल्या कुठल्यातरी छपराखालून निघण्याची शक्यता बरीच. आणि त्या पाकिटावर हल्ली बहुतेक वेळा तांदूळ असतो.

हा लेख त्या तांदळाविषयी आहे. तो चेहऱ्यावर कसा पोचला आणि तिथे गेल्यावर नेमकं काय करतो, एवढंच बघायचं आहे. त्यासाठी जपानला जावं लागेल, वाटेत जावा आणि पॅरिस लागेल. पण खरं उत्तर मला सापडलं ते भिवंडीतच, आणि तेही गोदामात नाही. सायझिंगच्या कारखान्यात.

सुरुवात एका शब्दापासून करू. जपानमधल्या इशिझावा नावाच्या कंपनीचा तांदळाचा मास्क प्रसिद्ध आहे. त्या मालिकेचं नाव ‘केआना नादेशिको’. नादेशिको हे एक नाजूक गुलाबी फूल, आणि जपानी भाषेत आदर्श, शालीन स्त्रीसाठीची उपमाही. ‘केआना’ म्हणजे त्वचेवरचं छिद्र. ‘के’ म्हणजे केस आणि ‘आना’ म्हणजे भोक. आपल्याकडे संस्कृतातून आलेला शब्द आहे रोमरंध्र: रोम म्हणजे केस, रंध्र म्हणजे भोक. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोघींनी त्या बारीक खळग्याकडे बघून सारखाच शब्द घडवला. इंग्रजीतल्या ‘पोअर’मध्ये केसाचा पत्ता नाही, नुसती वाट आहे. जपानी आणि संस्कृत शब्द शरीरशास्त्राच्या जास्त जवळ जातात, कारण नाकावर, गालावर आपल्याला जी छिद्रं दिसतात ती खरोखरच केसांच्या मुळांची तोंडं असतात. केस इतका बारीक की दिसत नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून तेल मात्र वर येत राहतं.

या मास्कच्या पाकिटात दहा ओल्या घड्या असतात. चेहऱ्याच्या आकाराचं, डोळ्या-तोंडाला भोकं पाडलेलं पातळ कापड, द्रवात भिजवलेलं. द्रवात काय आहे ते वाचलं तर गंमत वाटते. तांदूळ असा त्यात नाहीच. तांदळाच्या कोंड्याचं तेल आहे, कोंड्याचा अर्क आहे, तांदूळ आंबवून काढलेलं पाणी आहे, तांदळातून वेगळं काढलेलं सेरामाइड नावाचं स्निग्ध द्रव्य आहे. भात शिजवायला लागणारा पांढरा दाणा वगळून त्याच्या आजूबाजूचं बरंच काही.

आपण ‘तांदूळ’ म्हणतो तेव्हा एकच वस्तू डोळ्यांसमोर आणतो. ज्या घरात भात सडला गेला आहे त्या घराला हे पटणार नाही. भाताचं तूस वेगळं, कोंडा वेगळा, कणी वेगळी, अखंड दाणा वेगळा. दाणा धुतला की धुवण, शिजवला की पेज, दळला की पीठ, पीठ शिजवलं की खळ. यातलं काय कुणाच्या वाट्याला आलं आणि काय चेहऱ्याला लागलं, हे प्रत्येक देशात वेगळं ठरलं. आणि ते ठरलं त्वचेच्या गरजेवरून नाही, पोटाच्या हिशोबावरून.

जपानचं बघा. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, एदो शहरात (आजचं तोक्यो) खूप मोठ्या संख्येनं लोक पांढरा, सडून गुळगुळीत केलेला तांदूळ खाऊ लागले. खेड्यात शेतकरी बार्ली-बाजरी मिसळून जे मिळेल ते खायचा. शहरात आलं की पांढरा भात, ही प्रतिष्ठेची खूण होती. इतका तांदूळ सडायचा तर कोंड्याचे ढीग लागणारच. त्या कोंड्याचं एक काम म्हणजे ‘नुकाबुकुरो’: कोंडा भरलेली लहानशी सुती पिशवी, पुष्कळदा लाल कापडाची. बायका ती सार्वजनिक स्नानगृहात नेत, कोमट पाण्यात बुडवत आणि तिनं चेहरा, मान, अंग हळूहळू घासत. साबण तेव्हा सामान्य घरात नव्हता. कोंड्यातलं तेल आणि बारीक पीठ कापडातून झिरपून बाहेर येई, मळ निघे आणि कातडी कोरडी पडत नसे. 1813 साली प्रसिद्ध झालेलं ‘मियाको फुझोकु केवाइदेन’ हे प्रसाधनावरचं पुस्तक पुढची शंभरएक वर्षं पुन्हा पुन्हा छापलं गेलं, यावरून या विषयाला किती वाचक होता ते कळतं.

मराठीत ‘कोंड्याचा मांडा करणं’ असं आपण काटकसरी सुगरणीबद्दल म्हणतो. एदोच्या बायकांनी तो अक्षरशः केला.

पण त्याच शहरात दुसरंही काही चाललं होतं. एदोत आलेल्या माणसांचे पाय सुजत, बधिर होत, धाप लागे, काही जण मरत. गावी परतलं की बरं वाटे. लोकांनी या दुखण्याला नावच दिलं, ‘एदो वाझुराइ’, एदोचं दुखणं. तो बेरीबेरी होता. कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व काढून टाकलेला भात खाल्ल्यानं होणारा. म्हणजे जे पोटात जायला हवं होतं ते पिशवीत भरून गालावर घासलं जात होतं, आणि ज्याच्यावाचून माणूस मरत होता ते स्नानगृहाच्या पाण्याबरोबर वाहून जात होतं. अर्थात तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. जपानी आरमाराचा डॉक्टर ताकाकी कानेहिरो यानं 1880च्या दशकात खलाशांचा आहार बदलून हा रोग आटोक्यात आणला, तोही कारण न कळता. त्याला वाटत होतं की प्रथिनं कमी पडतात. ‘र्‍युजो’ नावाच्या जहाजावर 376 माणसांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाला आणि 25 मेले. पुढच्या जहाजाला त्यानं साधारण त्याच मार्गानं वेगळा शिधा देऊन पाठवलं आणि मृत्यू थांबले. भूदलातल्या वरिष्ठ डॉक्टरांनी मात्र हे मानलं नाही, आणि 1904-05च्या रशियाबरोबरच्या युद्धात हजारो जपानी शिपाई शत्रूच्या गोळीनं न मरता पांढऱ्या भातानं मेले.

कोंड्यातला तो पदार्थ वेगळा काढण्यात 1910 साली सुझुकी उमेतारो या जपानी रसायनशास्त्रज्ञाला यश आलं. आज मास्कच्या जाहिरातीत ‘कोंड्यातली पोषक द्रव्यं’ असे शब्द येतात तेव्हा मला हा सगळा इतिहास आठवतो. कोंड्याला आज जी किंमत आहे ती आधी मेलेल्या माणसांनी मिळवून दिलेली आहे.

मग जपानी बायकांचे ते पांढरेशुभ्र चेहरे? चित्रांत, रंगभूमीवर, गेइशांच्या छायाचित्रांत दिसणारे? ते तांदळानं पांढरे झालेले आहेत असा समज पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. त्यात अर्धंच तथ्य आहे. तांदळाचं पीठ वापरात होतं. पण चिकटून बसणारा, झळाळणारा पांढरा रंग शिशाचा किंवा पाऱ्याचा असे. 1887 साली सम्राट मेइजीसमोर काबुकीचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय थरथरू लागले. स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटानं वर्षानुवर्षं शिशाचा लेप तोंडाला फासला होता. त्या प्रसंगानंतर शिशाविना पावडर बनवण्याचे प्रयत्न जोरात सुरू झाले. तांदूळ चेहऱ्याला लावणं हे त्या मानानं गरिबाचं आणि सुदैवानं निरुपद्रवी काम होतं.

याच दशकांत युरोपात तांदळाचा वेगळाच भाग चेहऱ्यावर चढला. फ्रान्समध्ये पावडरला ‘पूद्र द री’, तांदळाची भुकटी, हेच नाव पडलं होतं. 1879 साली बूर्झ्वा कंपनीनं ‘जावाच्या तांदळाची पावडर’ बाजारात आणली आणि ती अनेक दशकं खपली. जावा हे बेट तेव्हा डचांच्या ताब्यात. आणि योगायोग असा, की याच बेटावर, बटाव्हियाच्या प्रयोगशाळेत, 1890च्या दशकात क्रिस्तियान आइकमान कोंबड्यांना पांढरा तांदूळ खाऊ घालून त्यांचे पाय लुळे पडताना पाहत होता, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागताना. त्याला पुढे 1929 साली नोबेल मिळालं. तिकडे पॅरिसमध्ये जावाच्या नावाची डबी आरशापुढे उघडली जात होती.

युरोपला तांदळाचा कोंडा नको होता, पीठही नको होतं. हवा होता तो निव्वळ स्टार्च. तांदळातून स्टार्च सुटा करणं सोपं नाही, तो प्रथिनात घट्ट रुतलेला असतो. 1840 साली ऑर्लँडो जोन्स या इंग्रजानं अल्कली वापरून तो सोडवण्याचं पेटंट घेतलं, आणि मग कपड्यांना लावायच्या कांजीचे मोठे कारखाने इंग्लंडमध्ये उभे राहिले. तांदळाच्या स्टार्चचा दाणा नेहमीच्या धान्यांत सर्वांत बारीक असतो, साधारण 3 ते 8 मायक्रॉन. बटाट्याचा त्याच्या कितीतरी पट मोठा. चेहऱ्यावर उघड दिसणारं छिद्र अडीचशे मायक्रॉनच्या पुढे असतं. म्हणजे एका छिद्राच्या तोंडावर तांदळाच्या स्टार्चचे पन्नासएक दाणे ओळीनं बसतील. म्हणूनच ही पावडर खळग्यात भरून पृष्ठभाग सपाट दाखवत असे. घाम आला की मात्र तिचा लगदा व्हायचा. विसाव्या शतकात शंखजिऱ्याच्या भुकटीनं, म्हणजे टाल्कनं, तिला मागे टाकलं. आपल्या आज्यांच्या पत्र्याच्या डब्यांतली पावडर ती हीच.

आता भिवंडीला परत येऊ. गोदामांच्या आधी इथे भात होतं. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये कल्याण, भिवंडी, पनवेल या खाडीकाठच्या पेठा भाताच्या व्यापारासाठी येतात. माल होडक्यांनी मुंबईला जाई. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भात, थोडं वर गोडं भात, आणि उत्तरेला वाड्याकडे बारीक, सुवासिक कोलम. वाडा कोलमला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. घरोघर घिरटावर भात भरडलं जाई आणि उखळात सडलं जाई. हे काम बायकांचं. हातसडीच्या तांदळावर थोडा कोंडा उरतोच, त्यामुळे एदोसारखं दुखणं इथे घराघरांत पसरलं नाही. निघालेला कोंडा गुरांना, कोंबड्यांना, कण्या घरातल्यांना नाहीतर सडायला आलेल्या बाईला मजुरी म्हणून, तूस चुलीला. तोंड धुवायला पिशवीत भरून ठेवावा इतका कोंडा वायाला जातच नव्हता.

म्हणून जपानी मास्क बघितल्यावर ‘हे तर आपल्याकडे होतंच!’ असं म्हणायची जी घाई होते, ती मला थोडी खोटी वाटते. आपल्याकडे होतं ते दुसरं होतं. उटण्यात कुठे कुठे तांदळाचं पीठ पडायचं, बेसनासारखंच, अंगाचं तेल ओढून घ्यायला. तांदळाचं धुवण औषधाबरोबर प्यायला द्यायचे. आयुर्वेदात त्याला तंडुलोदक म्हणतात. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण हवं असेल तर वाग्भटाकडे जावं. ‘अष्टांगहृदय’च्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाचा स्वतंत्र भाग आहे. सहा ऋतूंचे सहा लेप दिले आहेत. वसंतातल्या लेपात दर्भाचं मूळ, वाळा, शिरीष यांच्याबरोबर तंडुल येतो. लेपाची जाडी बोटाच्या पाव, तिसऱ्या किंवा निम्म्या हिश्शाएवढी असावी, इतका तपशील आहे. आणि एक सूचना फार मोलाची: लेप सुकू देऊ नये. सुकलेला लेप कांती बिघडवतो. म्हणून काढताना तो ओला करून काढावा आणि मग तेल लावावं. लेप असताना ऊन, शेक, राग, शोक आणि फार बोलणं टाळावं. आजच्या मास्कच्या पाकिटावरही ‘सुकण्याआधी काढा’ असंच छापलेलं असतं. राग-शोकाबद्दल मात्र काही नसतं.

पण वाग्भटाचा वाचक आणि भिवंडीची भात लावणारी बाई यांच्यात फार अंतर होतं. याच पट्ट्यातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठात पाणी घालून बांबूच्या काडीनं भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या किंवा शेणाच्या भिंतीवर पांढरी देवी, पांढरी झाडं, पांढरी माणसं. पीठ अंगावर न लावता भिंतीवर लावलं गेलं, कारण वर्षातून काही मूठ पीठ असं खर्च करायचं तर ते देवीसाठी.

आणि भिवंडीत तांदळानं जे खरं मोठं काम केलं ते ना चेहऱ्यावर, ना भिंतीवर. सुतावर.

भिवंडीत विणकर आले त्याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट 1857 नंतरची आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या मोमिन विणकरांची कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. काही मालेगावात थांबली, काही भिवंडीत. हातमाग आले आणि त्यांच्याबरोबर पांजणी आली. पांजणी म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देणं. सूत कितीही चांगलं कातलेलं असो, त्याच्यावर लव असते. चेहऱ्यावरच्या बारीक केसांना आपण जो शब्द वापरतो तोच. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा फणीतून हजारो वेळा घासला जातो, शेजारच्या धाग्याला लव अडकते आणि धागा तुटतो. म्हणून तांदळाची, नाहीतर दुसऱ्या धान्याची पातळ खळ शिजवायची, ताणलेल्या सुतावर कुंच्यानं एकाच दिशेनं फिरवायची. लव खाली बसते, धाग्याभोवती पापुद्रा धरतो, धागा गुळगुळीत आणि कडक होतो. घरातलं अख्खं माणूसबळ गल्लीत उतरून पांजणी करायचं. पेज प्यायची का सुताला द्यायची, हा प्रश्न टंचाईच्या वर्षांत विणकराच्या घरात अगदी खराखुरा होता.

1930च्या दशकात वीज आणि यंत्रमाग आले, पांजणीची जागा सायझिंगच्या कारखान्यांनी घेतली. कोनांवरचं सूत रुळावर गुंडाळायचं, तिथून ते गरम खळीच्या हौदातून बुडवून काढायचं, दाबायच्या रुळांतून पिळायचं आणि वाफेवर तापलेल्या मोठ्या नळकांड्यांवरून फिरवत वाळवायचं. शेवटी जो भरलेला रूळ मागावर चढतो त्याला इंग्रजी ‘बीम’वरून कामगारांनी ‘भीम’ केलं. तो उचलताना नाव बरोबर असल्याचं पटतं. खळीत आता तांदूळ क्वचितच. दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी चिंचोक्याच्या पिठाची खळ पुढे आली. नंतर मक्याचा स्टार्च, आणि कृत्रिम धाग्यांसाठी रासायनिक खळी. तत्त्व तेच राहिलं: लव बसवायची, पापुद्रा द्यायचा.

आणि हा पापुद्रा कायमचा नसतो, नसावाच. माग उतरलेलं कोरं कापड हाताला कडक, भरीव, तलम लागतं. रंगवण्याआधी ती खळ पूर्ण काढावी लागते, नाहीतर रंग आत शिरत नाही. पहिल्या धुण्यातच ती जाते आणि कापड खरं कसं आहे ते दिसतं.

याचा गैरफायदा घेण्याचा सर्वांत मोठा धडा लँकेशायरनं घालून दिला. 1861 ते 65च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस बंद झाला आणि ‘सुरती’ या नावाखाली हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत गेला. सूत सारखं तुटू लागलं, म्हणून खळ वाढवली. कापूस महाग, म्हणून खळीत चिनी माती मिसळून वजन भरलं. यादवी संपली तरी सवय सुटली नाही. टॉडमॉर्डनच्या विणकरांनी मातीच्या धुरळ्यानं छाती भरते अशी तक्रार केली आणि 1872 साली त्यावर सरकारी डॉक्टरचा अहवाल आला. तो मातीभरला माल जहाजांतून हिंदुस्थानात आणि चीनमध्ये यायचा, पुष्कळदा वाटेत बुरशी धरून. इथल्या गिऱ्हाइकानं लुगडं धुतलं की त्याची चाळण व्हायची. आपलाच कापूस, आपल्याच पैशानं, वर माती लावून परत.

चेहऱ्यावर तांदूळ नेमकं काय करतो, हे मला या खळीमुळे कळलं. रोमरंध्रं उघडत नाहीत आणि मिटत नाहीत. त्यांना मिटवणारा स्नायूच नाही. त्यांचा आकार तैलग्रंथी किती तेल सोडतात, वयानुसार आणि उन्हानं कातडी किती सैलावली आहे आणि आई-वडिलांकडून काय आलं आहे यावर ठरतो. तांदळाच्या पिठाचा लेप सुकत जातो तसा तेल शोषतो आणि कातडीवर ताण देतो; धुतला की ताण जातो, तेल काही तासांनी परत येतं. ओला मास्क वेगळ्या रीतीनं काम करतो. दहा-पंधरा मिनिटं ओलं कापड चेहऱ्याला चिकटून राहिलं की कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर पाणी पिऊन फुगतो. खळग्यांच्या कडा थोड्या भरून येतात, सावल्या पुसट होतात. कोंड्याचं तेल ते पाणी काही काळ आत धरून ठेवतं आणि प्रकाश एकसारखा परततो. लव बसते, म्हणा ना. संध्याकाळच्या लग्नाला हे पुरेसं असतं, आणि त्यात फसवणूक काही नाही. जपानी पाकिटावरचा दावाही जपून केलेला असतो: छिद्रं ‘ठळक दिसू नयेत’ असा. छिद्रं कायमची बुजतील, हे आपल्याकडच्या विक्रेत्यांनी मागाहून चढवलेलं असतं. ती चिनी माती.

भिवंडीतल्या मागांचं पुढे काय झालं हे बऱ्यापैकी जगजाहीर आहे. 1970 आणि 1984च्या दंगली, विजेचे दर, सुताच्या चढउतार किमती, सुरतेची आणि चीनची स्पर्धा. एके काळी लाखांनी असलेले माग भंगारात किलोच्या भावानं गेले. त्याच वेळी खाडीपलीकडे मुंबईची जकात होती. माल शहरात नेईपर्यंत जकात भरावी लागू नये म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर, भिवंडीच्या गावांत साठवायला सुरुवात केली. भातखाचरांवर मातीचे भराव पडले. 1 जुलै 2017ला वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली; गोदामं मात्र वाढली, कारण आता राज्याराज्यांत वेगळी गोदामं ठेवण्याऐवजी मोजकीच मोठी गोदामं ठेवणं कंपन्यांना परवडू लागलं आणि ऑनलाइन खरेदीला महामार्गालगत सपाट जागा हवी होती. ज्या आगरी कुटुंबांनी जमिनी दिल्या त्यांतल्या काहींकडे भाडं येतं, काहींकडे एकदाचे आलेले पैसे संपले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हतीच, नुसती लावणी-कापणीची मजुरी होती, त्यांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या मुली आज त्याच जागी पत्र्याखाली उभ्या राहून बारकोड वाचणाऱ्या यंत्रानं पाकिटं तपासतात आणि चिकटपट्टी लावतात. आषाढात दोन गोदामांच्या मधल्या एखाद्या उरलेल्या खाचरात अजून रोपं लावलेली दिसतात, भरावाचं पाणी तुंबल्यामुळे हवी त्यापेक्षा जास्त बुडालेली.

हे लिहिण्याआधी मी तसं एक पाकीट फोडून घडी उलगडली आणि सवयीनं कापडाचा ताणा-बाणा शोधायला उजेडात धरली. त्यात ताणाही नाही आणि बाणाही नाही. हे न विणलेलं कापड असतं: तंतूंचा थर पसरून त्यावर पाण्याचे बारीक, जोरदार फवारे मारले की तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड तयार होतं. धागा नाही, म्हणून माग नाही. माग नाही, म्हणून खळही नाही.